वेल, थांबा आणि पेला : सांतोरिनी बेटावरील वाइन-सहलीच्या कार्यक्रमपत्रिकेची चिकित्सा

प्रास्ताविक

प्रवासवर्णन या वाङ्मयप्रकाराची मराठी समीक्षेने गांभीर्याने दखल घेतली आहे. प्रवासी काय पाहतो, काय टाळतो आणि पाहिलेले कोणत्या भाषेत मांडतो, या प्रश्नांची चर्चा आपल्या वर्गांत व चर्चासत्रांत होत आली आहे. परंतु प्रवाशाने काही लिहिण्यापूर्वी, किंबहुना त्याने घर सोडण्यापूर्वीच, एक मजकूर त्याच्या हाती पडलेला असतो. हा मजकूर म्हणजे सहलीची कार्यक्रमपत्रिका होय. वेळ, स्थळ, अंतर आणि प्रत्येक स्थळी घालवावयाची मिनिटे एवढाच तिचा ऐवज असतो. तिला लेखक नसतो, शैली नसते आणि म्हणून मतही नसते, असे आपण गृहीत धरतो. हे गृहीतक तपासून पाहणे अगत्याचे आहे. कोणत्या स्थळाला किती वेळ द्यावयाचा आणि कोणत्या स्थळाजवळून न थांबता पुढे जावयाचे, हा निर्णय मुळात मूल्यविषयक निर्णय असतो.

प्रस्तुत लेखात ग्रीसमधील सांतोरिनी बेटावर घडविल्या जाणाऱ्या लहान गटाच्या वाइन-सहलीची कार्यक्रमपत्रिका अभ्यासासाठी निवडली आहे. कोणा एका संस्थेच्या सेवेचे मूल्यमापन करणे हा लेखाचा हेतू नाही. अनेक संस्था जो एकच सांगाडा थोड्याफार फरकाने वापरतात, त्या सांगाड्याचे वाचन येथे करावयाचे आहे. लेखाचे प्रतिपादन थोडक्यात असे की, ही सहल 'वाइन' आणि 'संस्कृती' यांना दोन स्वतंत्र कप्प्यांत ठेवते. परिणामी बेटावरील सर्वांत जुनी व आजही चालू असलेली सांस्कृतिक कृती, म्हणजे द्राक्षवेल राखण्याचे श्रम, दोन थांब्यांच्या मधल्या रस्त्यावर, गाडीच्या खिडकीबाहेर राहून जातात. त्या श्रमांचे आणि त्यांना लागणाऱ्या जमिनीचे अस्तित्व आज धोक्यात आले असल्यामुळे ही उणीव केवळ अभिरुचीची उरत नाही.

सहलीचा सांगाडा

सांतोरिनी, म्हणजेच थिरा, हे एजियन समुद्रातील किक्लादिस द्वीपसमूहातील बेट. क्षेत्रफळ सुमारे ७६ चौरस किलोमीटर, स्थायी लोकसंख्या सुमारे १५ हजार. २०२३ मध्ये येथे सुमारे ३४ लाख पर्यटक आल्याचे सांगितले जाते आणि त्यांतील १० लाखांहून अधिक क्रूझ जहाजांतून आलेले होते. या गर्दीपासून बाजूला नेण्याचे आश्वासन हेच लहान गटाच्या सहलीचे मुख्य आकर्षण असते. साधारणतः आठ ते बारा प्रवाशांना मिनीबसमधून हॉटेलावरून घेतले जाते. चार ते सहा तासांत तीन वाइनरी दाखविल्या जातात आणि प्रत्येक ठिकाणी चार-पाच प्रकारच्या वाइन चीज, ऑलिव्ह व टोमॅटोच्या पदार्थांसह चाखावयास दिल्या जातात. मधल्या वेळात एक किंवा दोन 'सांस्कृतिक थांबे' असतात : अक्रोतिरीचे उत्खनन, पिर्गोस किंवा मेगालोखोरी हे गाव, एखादे निळ्या घुमटाचे चर्च. सहलीचा शेवट बहुधा समुद्राकडे तोंड असलेल्या गच्चीवर, सूर्यास्ताच्या वेळी, हाती पेला असताना होतो.

या रचनेचे व्याकरण लक्षात घेण्यासारखे आहे. वाइनरी हे या वाक्यातील क्रियापद आहे. संस्कृती हे विशेषण. विशेषण काढून टाकले तरी वाक्य उभे राहते, केवळ थोडे उघडे दिसते. म्हणूनच वेळ कमी पडला की कात्री लागण्याची शक्यता पिर्गोसच्या गल्लीला अधिक असते, तिसऱ्या वाइनरीला कमी. 'सांस्कृतिक' हा शब्द येथे सहलीला प्रतिष्ठा देतो. तिची दिशा मात्र ठरवीत नाही.

'थांबा' या शब्दाविषयी

मराठीत 'थांबा' हा शब्द आपल्या परिचयाचा झाला तो एस. टी.च्या रस्त्यावर. बस थांबते म्हणून त्या जागेला थांबा म्हणतात. गाव मात्र थांब्यापासून आत असते. थांबा पाहिला म्हणजे गाव पाहिले, असे एस. टी.ने प्रवास करणारा कोणीही म्हणणार नाही. पर्यटनात मात्र नेमका हाच समज रूढ होतो.

रोलां बार्थ यांच्या 'मिथॉलॉजीज' (१९५७) या पुस्तकात दोन छोटे निबंध आहेत. एकात फ्रान्समधील प्रसिद्ध पर्यटन-मार्गदर्शिकेचे वाचन आहे. ही मार्गदर्शिका प्रदेशाला स्मारकांच्या यादीत रूपांतरित करते आणि त्या प्रदेशात राहणाऱ्या माणसांचे प्रत्यक्ष जीवन त्या यादीआड नाहीसे होते, असे बार्थ दाखवून देतात. दुसरा निबंध वाइनविषयी आहे. फ्रेंच समाजाने वाइनभोवती जे आनंदाचे मिथक रचले, त्यामागील उत्पादनाकडे बार्थ लक्ष वेधतात. अल्जीरियात ज्या मुस्लिम रहिवाशांच्या जमिनी वसाहतवाल्यांनी घेतल्या, त्याच जमिनींवर त्यांना नको असलेले हे पीक लादले गेले, याची ते आठवण देतात. सांतोरिनीची परिस्थिती अल्जीरियासारखी नाही. येथील वेली स्थानिक शेतकऱ्यांनीच लावल्या व राखल्या. तरीही बार्थ यांची पद्धत येथे उपयुक्त ठरते. त्यांच्या पुस्तकात स्मारकांचे मिथक आणि वाइनचे मिथक दोन वेगळ्या निबंधांत आहेत. आपल्या अभ्यासविषयात ती एकाच मिनीबसमध्ये शेजारी बसली आहेत. दोघांनाही एकच गोष्ट अदृश्य करावयाची असते. ती म्हणजे काम.

अक्रोतिरी : चित्रातील श्रम आणि चित्राविना भिंती

सहलीतील सर्वांत मोलाचा थांबा अक्रोतिरीचा. इसवी सनपूर्व सुमारे १६०० च्या आसपास झालेल्या ज्वालामुखीच्या महास्फोटात ही कांस्ययुगीन वसाहत राखेखाली गाडली गेली. स्पिरिदोन मारिनातोस यांनी १९६७ मध्ये येथे पद्धतशीर उत्खनन सुरू केले. दुमजली-तिमजली घरे, सांडपाण्याची व्यवस्था, धान्य व द्रवपदार्थ साठविण्याचे मोठे रांजण आणि अप्रतिम भित्तिचित्रे उजेडात आली. २००५ मध्ये उत्खननस्थळावरील नव्या छताचा भाग कोसळून एका पर्यटकाचा मृत्यू झाला. त्यानंतर हे स्थळ बंद होते. २०१२ मध्ये ते पुन्हा खुले झाले.

या थांब्याची अडचण अशी की, ज्या चित्रांमुळे अक्रोतिरी जगप्रसिद्ध झाले, ती संरक्षणासाठी भिंतींवरून काढण्यात आली. अथेन्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात आणि फिरा येथील प्रागैतिहासिक थिरा संग्रहालयात त्यांतील महत्त्वाची चित्रे पाहावयास मिळतात. म्हणजे पाऊण-एक तासाच्या थांब्यात प्रवासी भिंती पाहतो, त्या भिंतींवरील जग पाहत नाही. फिरा येथील संग्रहालय तर याच बेटावर, काही किलोमीटरच्या अंतरावर आहे. तरी वाइन-सहलीच्या सांगाड्यात त्याला क्वचितच जागा मिळते, कारण संग्रहालयाला वेळ लागतो आणि तेथे चाखण्यासारखे काही नसते.

'झेस्ते ३' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या इमारतीतील एक चित्र येथे विशेष विचारात घ्यावे लागेल. त्यात तरुण मुली केशराची फुले खुडताना दाखविल्या आहेत. एक फुलांकडे वाकलेली आहे, खुडलेली फुले टोपलीत जमा होत आहेत आणि शेवटी हे पीक एका उच्चासनावर बसलेल्या देवीसमोर अर्पण होते. साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या या चित्रकाराला पीक आणि पूजा यांच्या मध्ये खुडणारे हात दाखविणे आवश्यक वाटले. त्याच्या चित्रात संस्कृती श्रमापासून सुरू होते आणि श्रमासहच देवतेपर्यंत पोहोचते. आजच्या सहलीची रचना याच्या नेमकी उलट आहे. तीत देवस्थान आहे, अर्पण आहे, पेलाही आहे. वाकलेली आकृती तेवढी वगळली आहे.

वेलीची टोपली

ही वाकलेली आकृती आजही बेटावर आहे. तिला पाहण्यासाठी वाइनरीच्या गच्चीवरून खाली उतरून रानात जावे लागते. महाराष्ट्रातील वाचकाच्या डोळ्यांसमोर द्राक्षबाग म्हटली की मांडव येतो, त्यावर ओळीने चढविलेले ओलांडे येतात, एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोड्या बहराची छाटणी येते, डॉगरिज खुंटावर भरलेले कलम येते. सांतोरिनीवर यांपैकी काहीही दिसत नाही. तेथील वेल जमिनीलगत असते. हिवाळ्यातील छाटणीच्या वेळी शेतकरी तिच्या काड्या एकमेकींत गोल गुंफून टोपलीसारखा आकार तयार करतो. या आकाराला 'कुलूरा' म्हणतात. उन्हाळ्यात घड या टोपलीच्या आत वाढतात. त्यामुळे एजियन समुद्रावरील जोरदार वारे आणि प्रखर ऊन यांपासून त्यांचे रक्षण होते.

बेटावर पाऊस अत्यल्प पडतो. रात्री समुद्रावरून येणारे धुके व दव प्यूमिस दगडाच्या सच्छिद्र जमिनीत शोषले जाते आणि त्या ओलाव्यावर वेल तग धरते. महास्फोटाने टाकलेल्या या रेताड जमिनीत चिकणमाती जवळजवळ नाही. त्यामुळे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपभर द्राक्षबागा उद्ध्वस्त करणाऱ्या फिलॉक्सेरा या मुळांवरील किडीला येथे थारा मिळाला नाही. म्हणून सांतोरिनीच्या वेली कलमाविना, स्वतःच्या मुळांवर उभ्या आहेत. टोपली अनेक दशकांनी जुनी होऊन उत्पादन घटले की शेतकरी वरचे खोड कापतो आणि त्याच मुळावर नवी टोपली गुंफावयास आरंभ करतो. वरची वेल एका पिढीची, मूळ मात्र कित्येक पिढ्यांचे, असा हा हिशेब आहे.

या पद्धतीत यंत्राला वाव नाही. छाटणी, गुंफण आणि ऑगस्टमधील तोडणी ही तिन्ही कामे जमिनीलगत वाकून, हाताने करावी लागतात. एकरी उत्पन्न फार कमी येते. येथील प्रमुख पांढऱ्या द्राक्षाचे नाव आसिर्तिको. उष्ण हवेतही आम्लता टिकवून ठेवण्याच्या गुणामुळे या वाणाची कीर्ती झाली आणि ग्रीसच्या मुख्य भूमीवर, पुढे ऑस्ट्रेलियातील क्लेअर व्हॅलीतही त्याची लागवड झाली. येथे एक भेद ध्यानात घ्यावा. वाण जहाजातून अथवा विमानातून जाऊ शकते. टोपली गुंफणारा हात आणि ती जमीन जाऊ शकत नाही. म्हणजेच सांतोरिनीची वाइन जगात कोठेही चाखता येईल, परंतु ती ज्या कृतीतून येते ती कृती पाहावयाची असेल तर बेटावरच यावे लागेल. बेटावर येण्याचे यापेक्षा सबळ कारण वाइन-सहलीला सापडणार नाही. पण तिच्या कार्यक्रमात नेमके तेच कारण आढळत नाही.

श्रमाचे दर्शन घडविणारा एक थांबा काही सहलींत असतो, हे येथे नमूद केले पाहिजे. वोथोनास येथे भूगर्भातील गुहेत असलेल्या कुत्सोयानोपुलोस वाइन संग्रहालयात जुनी अवजारे आणि द्राक्ष तुडविणाऱ्या, पिंपे हाकणाऱ्या माणसांचे हलते पुतळे मांडले आहेत. एका कुटुंबाने आपल्या व्यवसायाची स्मृती अशी जपावी, हे प्रशंसनीय आहे. तथापि सहलीच्या रचनेत या थांब्याचा होणारा अर्थ वेगळा आहे. श्रम येथे दिसतात, पण पुतळ्याच्या रूपात, जमिनीखाली आणि भूतकाळात. जमिनीवर, त्याच दुपारी, काही मीटर अंतरावर जी वेल उभी आहे ती राखणारा माणूस जणू आता उरलेलाच नाही, असा ग्रह होतो. डीन मॅककॅनेल यांनी 'द टूरिस्ट' (१९७६) या ग्रंथात पर्यटनस्थळाच्या दर्शनी भागाची व मागील भागाची चर्चा केली आहे. पर्यटकाला पडद्यामागचे अस्सल जीवन पाहावयाचे असते आणि म्हणून पर्यटनव्यवसाय 'पडद्यामागचे' म्हणून आणखी एक दर्शनी भाग उभारतो, हे त्यांचे निरीक्षण वोथोनासच्या गुहेला चपखल लागू पडते.

वगळलेला मधला काळ

सहलीच्या कथनात दोनच काळ असतात : कांस्ययुग आणि आज. अक्रोतिरीची राख आणि हातातील पेला यांच्यामध्ये साडेतीन हजार वर्षे आहेत. त्यांतील शेवटची दीड-दोनशे वर्षे तर बेटाच्या विद्यमान रूपाला थेट कारणीभूत आहेत.

'विन्सान्तो' ही बेटावरील गोड वाइन याचे उत्तम उदाहरण. तोडलेली द्राक्षे सुमारे दोन आठवडे उन्हात पसरून सुकवितात. ती बेदाण्याच्या वाटेवर असतानाच त्यांचा रस काढून सावकाश आंबवितात आणि नंतर लाकडी पिंपांत किमान दोन वर्षे मुरवितात. चाखण्याच्या क्रमात ही वाइन शेवटी येते आणि तिचे वर्णन गोडव्यापुरतेच केले जाते. परंतु एकोणिसाव्या शतकात ही वाइन बेटावरील जहाजमालकांच्या गलबतांतून रशियाला जात असे व तेथील ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये धार्मिक विधीसाठी वापरली जात असे. १९१७ च्या रशियन क्रांतीनंतर ही बाजारपेठ नाहीशी झाली. मेगालोखोरी आणि ईया येथील ज्या भव्य घरांसमोर आज छायाचित्रे काढली जातात, ती या नौकानयनाच्या व व्यापाराच्या पैशांतून उभी राहिली. घर हे 'संस्कृती' या कप्प्यात आणि विन्सान्तो हे 'वाइन' या कप्प्यात गेल्यामुळे दोहोंतील नाते सहलीत उलगडत नाही.

तीच गोष्ट ज्वालामुखीच्या राखेची. ही राख चुन्यात मिसळली असता पाण्यातही घट्ट होणारे सिमेंट तयार होते. १८६० च्या दशकात सुएझ कालव्याच्या बांधकामासाठी सांतोरिनीची ही माती मोठ्या प्रमाणावर नेण्यात आली. अक्रोतिरीचे प्राचीन अवशेष या खोदकामाच्या निमित्ताने प्रथम लक्षात आले, हेही विसरता येत नाही. पुढे विसाव्या शतकात टोमॅटो हे बेटाचे महत्त्वाचे पीक झाले आणि त्याच्या प्रक्रियेचे कारखाने निघाले. व्लिखादा येथील जुन्या कारखान्यात आज त्याचे संग्रहालय आहे. वाइनसोबत ताटलीत येणारा टोमॅटोचा पदार्थ या इतिहासाचा अवशेष आहे. पण ताटलीतील वस्तूला इतिहास असतो, असे सांगण्याची सहलीत प्रथा नाही.

९ जुलै १९५६ रोजी अमोर्गोस बेटाजवळ झालेल्या प्रचंड भूकंपाने सांतोरिनीचा कायापालट केला. पन्नासहून अधिक माणसे दगावली, हजारो घरे पडली अथवा राहण्यास अयोग्य ठरली आणि पुष्कळ कुटुंबे बेट सोडून गेली. आज ज्या गुहागृहांत महागडी हॉटेले आहेत, त्यांपैकी अनेक घरे त्या काळात ओस पडली होती. सूर्यास्ताचे दृश्य ज्या शुभ्र भिंतींमुळे रमणीय वाटते, त्या भिंती पुनर्बांधणीच्या आहेत, हे ठाऊक असलेला प्रवासी त्या दृश्याचा आनंद गमावणार नाही. उलट त्याला तो अधिक अर्थपूर्ण होईल. २०२५ च्या जानेवारीअखेर व फेब्रुवारीत बेटाच्या परिसरात भूकंपाच्या हादऱ्यांची मालिका सुरू झाली, आणीबाणी जाहीर झाली आणि ११ हजारांहून अधिक लोकांनी काही काळ बेट सोडले. हा काळ नेमका वेलींच्या छाटणीचा असतो. पर्यटनाचा हंगाम नसताना बेटावर काय घडते, हा प्रश्न त्या हिवाळ्यात जगासमोर आला होता. कार्यक्रमपत्रिकेत मात्र हिवाळा नसतोच; तिच्या दिनदर्शिकेत एप्रिल ते ऑक्टोबर एवढेच महिने असतात.

लहान गटाचा पक्ष

येथवरच्या विवेचनावर एक रास्त आक्षेप घेता येईल. लहान गटाची सहल ही क्रूझपर्यटनाला निदान एक पर्याय आहे. पन्नास जणांच्या बसपेक्षा दहा जणांच्या गटात प्रश्न विचारता येतात. वाटाड्या पुष्कळदा त्याच बेटावरचा असतो. वाइनरीत थेट विक्री होते आणि पैसा काही अंशी बेटावरच राहतो. १९४७ मध्ये स्थापन झालेल्या शेतकरी सहकारी संघापासून ते १९८० व ९० च्या दशकांत नव्या दृष्टीने सुरू झालेल्या खासगी वाइनरींपर्यंत अनेकांनी कोरड्या आसिर्तिकोला जागतिक प्रतिष्ठा मिळवून दिली. १९७१ मध्ये मिळालेल्या भौगोलिक नामसंरक्षणाला या प्रतिष्ठेमुळे खरा अर्थ आला. द्राक्षाचा भाव वाढला आणि सांतोरिनीची द्राक्षे ग्रीसमधील सर्वांत महाग द्राक्षांत गणली जाऊ लागली. पर्यटक नसते तर हे घडले असते काय?

हा आक्षेप बव्हंशी मान्य करावा लागेल. पर्यटकाच्या पेल्याने वेल जगविली, हे खरे आहे. पण त्याच पर्यटकाच्या खोलीने वेलीची जमीन घेतली, हेही तितकेच खरे आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात द्राक्षाखालील क्षेत्र आजच्यापेक्षा कितीतरी अधिक होते; आज ते सुमारे १ हजार हेक्टरच्या आसपास उरले आहे. ७६ चौरस किलोमीटरच्या बेटावर प्रत्येक नवे हॉटेल, प्रत्येक नवा बंगला, प्रत्येक रुंद केलेला रस्ता कोणाच्या तरी रानातून जातो. पिण्याचे व वापरण्याचे पाणी मोठ्या प्रमाणावर समुद्राचे खारे पाणी शुद्ध करून मिळवावे लागते. २०२३ व २०२४ या लागोपाठच्या हंगामांत उष्णता व अवर्षणामुळे द्राक्षउत्पादनात मोठी घट झाली. ज्या तरुणाला हॉटेलात अथवा सहलीच्या गाडीवर बरा रोजगार मिळतो, त्याने जानेवारीच्या वाऱ्यात वाकून टोपल्या का गुंफाव्यात, या प्रश्नाला केवळ परंपरेच्या अभिमानाचे उत्तर पुरणार नाही.

तात्पर्य, पर्यटन आणि वेल यांचे नाते हे उपकाराचेही आहे आणि स्पर्धेचेही. जुलै २०२५ पासून ग्रीसने सांतोरिनीवर उतरणाऱ्या क्रूझप्रवाशांकडून ऐन हंगामात प्रत्येकी २० युरो शुल्क घेण्यास आरंभ केला, ही या स्पर्धेची अधिकृत कबुलीच होय. लहान गटाच्या सहलीने स्वतःला या वादाबाहेर मानण्याचे कारण नाही. गट लहान केल्याने गर्दी कमी होते. दृष्टी आपोआप बदलत नाही. दहा माणसेही पन्नास माणसांप्रमाणेच खिडकीतून पाहू शकतात.

समारोप

या सहलीत संस्कृती कमी आहे, असे प्रस्तुत लेखाचे म्हणणे नाही. थांब्यांची संख्या दोनाची चार केल्याने काही साधणार नाही. दोष मांडणीचा आहे. संस्कृती म्हणजे पडलेल्या भिंती व घुमट आणि वाइन म्हणजे चव, अशी वाटणी एकदा केली की वेल कोणाच्याच वाट्याला येत नाही. वास्तविक सांतोरिनीवर वेल हीच संस्कृती आहे. स्फोटाने दिलेली माती, वाऱ्याने लादलेला आकार, व्यापाराने दिलेली गोडी, भूकंपाने घडविलेले स्थलांतर आणि आजच्या जमिनीच्या भावाचा ताण हे सर्व एका टोपलीत गुंफलेले आहे.

म्हणून सुधारणेची सूचना साधी आहे. तीन वाइनरींऐवजी दोन घ्याव्यात आणि वाचलेला तास रानात द्यावा. शेतकऱ्याला त्या तासाचा रीतसर मोबदला मिळावा. वाइनरीत जसा चाखण्याचा दर असतो, तसा त्याच्या वेळेचाही दर असावा. अक्रोतिरीचा थांबा आणि फिरा येथील संग्रहालय ही एकच भेट मानावी, म्हणजे भिंती व चित्रे यांची ताटातूट होणार नाही. विन्सान्तो चाखावयास देताना तिचा रशियाकडे जाणारा मार्ग सांगावा आणि मग मेगालोखोरीच्या घरांकडे न्यावे. हिवाळ्यात, छाटणीच्या दिवसांत, दोन-चार सहली तरी काढाव्यात. त्या वेळी समुद्र निळा नसेल आणि वेलीला पानही नसेल. पण टोपली विणली जाताना दिसेल.

अध्यापकांच्या दृष्टीने या चर्चेचा उपयोग आणखी एका कारणासाठी आहे. २००१ च्या द्राक्षप्रक्रिया धोरणानंतर महाराष्ट्रात वाइन-उद्योग वाढला आणि नाशिक परिसरात वाइन-पर्यटन रुजले. तेथील द्राक्षउत्पादकांची मुले आपल्या महाविद्यालयांत शिकतात. पर्यटन, भूगोल, वाणिज्य आणि भाषा या विषयांच्या विद्यार्थ्यांपुढे एखाद्या सहलीची पत्रिका ठेवून तीत कोणत्या कामाचा उल्लेख आहे आणि कोणाच्या कामाचा नाही, एवढे शोधावयास सांगितले, तरी तो एक चांगला पाठ होईल. ज्या विद्यार्थ्याने घरच्या बागेत ऑक्टोबरची छाटणी केलेली आहे, त्याला यातील उणीव बहुधा सर्वांच्या आधी दिसेल.